चिकटला पाहिजे

पातेलं फडक्यात धरून मी चपला सरकवत होते, तेवढ्यात लेक आतून ओरडली, ‘‘आई, ते सूप खाली नेऊ नकोस!’’

सोलमध्ये तिच्याकडे येऊन मला नऊ दिवस झाले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ती ‘ईमो’ म्हणते, म्हणजे मावशी. त्या ईमोने मला परवाच मियॉक-गुक शिकवलं होतं. समुद्रातल्या शेवाळाचं सूप. तिकडे बाळंतिणीला देतात, वाढदिवसाला तर हमखास करतात. आपल्याकडे अळिवाची खीर करते ते काम हे सूप करतं. ईमोच्या मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. पोराच्या अंगात थोडी ताकद येईल आणि शिकवलेलं मला जमलं हेही बाईंना दिसेल, एवढाच माझा हेतू.

‘‘अगं, शेवाळ बुळबुळीत असतं. परीक्षेच्या तोंडावर खाल्लं की पोर घसरतं. इथे नापास झाला असं नाही म्हणत, मियॉक-गुक खाल्लं म्हणतात!’’

पातेलं परत ओट्यावर गेलं. रात्री आम्हीच प्यालो.

त्याऐवजी लेकीने बेकरीतून आणलेला एक खोका माझ्या हातात दिला. आत चाप्साल-त्तॉक, म्हणजे चिकट तांदळाचे मऊसूत गोळे, पोटात गोड पुरण भरलेले. शेजारी यॉतच्या कांड्या. शिजवलेला तांदूळ मोड आणलेल्या जवाच्या पाण्यात मुरवून, आटवून, ओढून केलेली ही मिठाई दाताला अशी चिकटते की बोलणं बंद. परीक्षेला बसणाऱ्याला हेच द्यायचं, कारण कोरियन भाषेत ‘चिकटणे’ आणि ‘पास होणे’ या दोन्हींना एकच क्रियापद आहे. लेक मला हे समजावून सांगायला लागली, तर मी म्हटलं, यात समजावण्यासारखं काय आहे? आमच्या गल्लीत कुणाचा मुलगा बँकेत ‘चिकटला’, कुणाचा एसटीत ‘चिकटला’, हे ऐकत मी म्हातारी झाले.

दुकानांत तर या कोट्यांचा बाजार भरलेला. परीक्षार्थ्याला काटा-चमचा देतात, कारण खुपसणे आणि अंदाजाने उत्तर निवडणे हे एकच क्रियापद. आमच्या भाषेत त्याला अंदाजपंचे दाहोदरसे. आणि संडासात वापरायच्या कागदाची गुंडाळी, होय, तीही रिबीन बांधून. गुंडाळी सोडवायची आणि गणित सोडवायचं, क्रियापद तेच. मराठीतही गाठ सोडवतात आणि गणितही सोडवतात, पण म्हणून बारावीच्या मुलाला सुतळीचा गुंडा भेट द्यायचं आपल्याला कधी सुचलं नाही. आपण दहीसाखर हातावर ठेवून मोकळे होतो.

विद्यापीठात प्रवेश मिळवायच्या या परीक्षेचं नाव सुनुंग. सुरुवात 1993 साली झाली. वर्षातून एकदाच, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, सगळ्या दक्षिण कोरियात एकाच वेळी. मी होते त्या 2024 साली 14 नोव्हेंबरला होती, आपल्या बालदिनाच्या मुहूर्तावर. 5,22,670 मुलांनी नावं नोंदवली होती. आपल्या राज्याच्या बारावीला याहून कितीतरी जास्त मुलं बसतात, त्यामुळे आकडा ऐकून मी काही दबले नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं शिकवलं, त्यांतली निम्मी वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यवेक्षक आणि पुढे केंद्रसंचालक म्हणून परीक्षेचा मांडव सांभाळला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर बाईची नजर जशी आधी डब्यांकडे जाते, तशी माझी नजर या परीक्षेकडे गेली. लेकीला म्हटलं, मला ते राजवाडे नकोत, उद्या परीक्षा दाखव.

सकाळी साडेपाचला खालून भांड्यांचा आवाज आला. जेवणाचा डबा घरूनच न्यायचा असतो, शाळेत काही मिळत नाही. ईमोने थर्मासच्या डब्यात भात, अंड्याचं धिरडं, मऊ शिजवलेलं मांस भरलं होतं. तिखट नाही, नवं काही नाही, पोट बिघडेल असं काही नाही. मुलगा उंच, चष्मेवाला, राखाडी ट्रॅकसूट घातलेला. त्याची ही दुसरी खेप. गेल्या वर्षी हवं ते विद्यापीठ मिळालं नाही म्हणून वर्षभर त्याने पुन्हा तोच अभ्यास केला. अशा मुलांना तिकडे ‘जेसुसेंग’ म्हणतात. आपल्याकडे ‘रिपीटर’ म्हणताना जो एक नाक मुरडल्याचा सूर लागतो, तो तिथे फारसा लागत नसावा, कारण त्या वर्षी बसलेल्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा असाच होता. सरकारने वैद्यकीयच्या जागा वाढवल्या होत्या, मग नोकरीला लागलेल्यांनीही पुन्हा पुस्तकं उघडली.

सुनुंगच्या दिवशी हमखास कडाक्याची थंडी पडते अशी तिथे पक्की समजूत आहे, तिला वेगळं नावही आहे. त्या वर्षी थंडी गैरहजर होती. ईमो मात्र मुलाला गरम पिशव्या देतच राहिली, एक खिशात, एक पाठीला.

केंद्र चालत वीस मिनिटांवर. आम्ही दोघी त्या मायलेकांच्या मागे अंतर राखून चाललो. सातच्या सुमाराला एरवी इथे ऑफिसला जाणाऱ्यांची धावपळ असते, आज रस्ते मोकळे. लेक म्हणाली, आज ऑफिसं दहाला. सरकारी कचेऱ्या आणि पुष्कळ कंपन्या तासभर उशिरा उघडतात, म्हणजे मुलं गर्दीत अडकत नाहीत. मेट्रोच्या गर्दीच्या वेळच्या जादा गाड्या सकाळी सहापासून दहापर्यंत सोडतात. शेअर बाजारसुद्धा नऊऐवजी दहाला उघडतो आणि संध्याकाळी तासभर उशिरा बंद होतो. हे ऐकून मी थबकले. पैसा एक तास थांबतो म्हणजे गोष्ट खरीच गंभीर असणार.

केंद्रापासून 200 मीटरवर पोलिसांनी दोरी लावली होती. त्यापुढे वाहन नाही, मुलाने उतरून चालत जायचं. दोरीच्या आत शाळेचं फाटक, आणि फाटकाशी पाचपंचवीस धाकटी मुलं हातांत पाट्या घेऊन आपल्या सीनियरांची नावं घेत ‘ह्वाईटिंग!’ ओरडत होती. इंग्रजी ‘फायटिंग’चा हा कोरियन अवतार. कोविडच्या आधी इथे ढोल बडवायचे, पहाटे चारपासून जागा धरून बसायचे, आता ते ओसरलंय, असं ईमो म्हणाली. एका बाईने मला गरम चहाचा पेला दिला. मी परीक्षार्थी नाही हे तिला दिसत असणारच.

ढोल नकोत हे मला बरंच वाटलं. आमच्या केंद्रावर फाटकाबाहेर गर्दी असायची, पण ती वेगळ्या कामाची. मागच्या कंपाउंडवरून गाइडची पानं आत येत. खिडकीच्या गजांना लोंबकळलेला एक तरुण मी खाली उतरवला, तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, बहीण आहे माझी, पाणी द्यायला आलोय.’’ हातात पाणी नव्हतं. भरारी पथकाची गाडी गावाच्या वेशीवर दिसली की शिट्टी वाजायची आणि पाच मिनिटांत भिंत रिकामी व्हायची. समाज परीक्षार्थ्याला मदत करतो, हे तिथेही खरं होतं.

आठ वाजून सहा मिनिटांनी पोलिसांची मोटारसायकल आली, मागे एक मुलगा, हेल्मेट वाकडं, कुशीत डबा. हे दृश्य तिथे दरवर्षीचं. उशीर झालेल्या, हॉल तिकीट विसरलेल्या, चुकून भलत्याच शाळेत पोचलेल्या मुलांसाठी पोलीस, अग्निशमन दलाचे लोक, मोटारसायकलवाले स्वयंसेवक चौकाचौकांत आणि मेट्रोच्या दारांत उभे असतात. आठ दहाला आत पाहिजे म्हणजे पाहिजेच. मुलगा पोलिसाला वाकून नमस्कार करायला थांबला. पोलिसाने त्याला अक्षरशः ढकललं. फाटक बंद झालं आणि बाहेरच्या आया, बाप, आज्या कुठेच गेल्या नाहीत. एक बाई दोन्ही हात फाटकाच्या लोखंडावर टेकवून उभी होती. चिकटायचा हाही एक प्रकार असेल.

ईमोने मात्र पाठ फिरवली आणि ती भरभर चालू लागली. तिला जोग्यसा देवळात जायचं होतं. ‘‘तुम्ही येता का?’’

वाटेत मी लेकीला दुभाषी करून प्रश्नांचा भडिमार केला. व्यवसायाचं कुतूहल. पेपर कोण काढतं, कुठे छापतात, कस्टडी कुणाकडे? मिळालेली उत्तरं ऐकून मी दोनदा थांबले. पेपर काढणारे, काढलेले प्रश्न पारखणारे, त्यांना जेवू घालणारे असे सुमारे 500 लोक सुमारे 40 दिवस अज्ञात ठिकाणी कोंडलेले असतात. फोन नाही, घरी निरोप नाही, बाहेर पडणारा कचरासुद्धा तपासला जातो. त्यांची सुटका शेवटचा पेपर सुरू झाल्यावर. आमच्याकडे सकाळी तालुक्याच्या कस्टडीतून रनर सीलबंद पाकिटं आणायचा आणि वाटेत त्याची गाडी पंक्चर झाली की माझं बीपी वाढायचं. 40 दिवस कोंडून घ्यायला मी तयार झाले असते की नाही, याचा मी अजून विचार करते आहे. झाले असते बहुतेक. स्वयंपाक तर करावा लागला नसता.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. 2004 साली मोबाइलवरून उत्तरं पाठवणारी मुलं मोठ्या संख्येने पकडली गेली. त्यानंतर उत्तरपत्रिकेवर एक ओळ हाताने उतरवून काढायची पद्धत आली, अक्षर पडताळून पाहता यावं म्हणून. ही ओळ बहुधा एखाद्या कोरियन कवितेतली असते. तोतया पकडायला कविता वापरणारं दुसरं खातं मला माहीत नाही. आणि तिसरी, घंटेची. 2023 साली सोलच्या एका केंद्रावर पहिल्या पेपरची शेवटची घंटा सुमारे दीड मिनिट आधी वाजली. चूक लक्षात आल्यावर मुलांना मधल्या सुट्टीत पुन्हा दीड मिनिट दिलं, पण लिहिलेलं बदलायला मनाई होती. मुलं कोर्टात गेली आणि पुढे कोर्टाने नुकसानभरपाई द्यायला लावली. आमचा शिपाई घंटा द्यायचा ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, आणि ते घड्याळ शाळा स्थापन झाल्यापासून स्वतःच्या वेळेने चालायचं. आमच्यावर किती दावे झाले असते!

जोग्यसा सोलच्या अगदी मध्यात आहे, चहूबाजूंनी काचेच्या इमारती. अंगणात शेकडो वर्षांचं एक झाड आहे. या जातीची झाडं पूर्वी पंडितांच्या दारात लावत. नोव्हेंबरात सारं आवार शेवंतीने भरलेलं होतं, पिवळी, जांभळी, कुंड्यांच्या उतरंडीच्या उतरंडी. दोनच दिवसांपूर्वी आपली कार्तिकी झाली होती, त्यामुळे असेल, शेवंती बघून मला एकदम पंढरपूरच्या हारवाल्यांची आठवण आली. आत सभामंडपात शेकडो बायका. पुष्कळजणींच्या समोर मुलाचा फोटो, शेजारी त्याचं नाव लिहिलेला कागद. उठायचं, हात जोडायचे, गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, पुन्हा उठायचं. असं 108 वेळा. काही बायका 100 दिवस आधीपासून रोज हे करत होत्या. ईमो त्यांतलीच. तिच्या गुडघ्यांवर आमच्या शिपायांच्या बायकांसारखे काळे डाग असतील असं मला वाटलं, पण विचारलं नाही.

मी जमतील तेवढे नमस्कार घातले. सतरा. मग भिंतीला टेकून बसले आणि शेजारच्या आजींनी माझ्या हातावर यॉतची कांडी ठेवली. ती चघळत असताना लेकीने मला मुळ्याच्या रसाची गोष्ट सांगितली. ती ऐकून मी देवळात मोठ्याने हसले, आणि चार बायकांनी वळून पाहिलं.

गोष्ट 1964 सालची. तेव्हा तिथे प्राथमिक शाळेतून पुढच्या शाळेत जायलाही प्रवेश परीक्षा होती आणि नामांकित शाळांसाठी अकरा-बारा वर्षांची पोरं रात्री जागत. डिसेंबरात झालेल्या सोलच्या पेपरात विज्ञानाचा एक प्रश्न आला. यॉत करताना मोड आणलेल्या जवाऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होतं डायस्टेज, पिष्टाची साखर करणारं पाचक द्रव्य. पर्यायांत मुळ्याचा रसही होता. आता मुळ्याच्या रसात डायस्टेज असतंच, पाठ्यपुस्तकातही तसा उल्लेख होता. ज्यांनी मुळा लिहिला त्यांचा एक गुण गेला आणि एका गुणाने शाळा गेली. अधिकारी म्हणाले, मुळ्याच्या रसाने यॉत होतं कुठे? तेव्हा आयांनी घरी मुळे किसले, रस काढला, यॉत शिजवलं आणि तो ऐवज घेऊन त्या थेट शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. हे बघा, झालंय. खा यॉत! ‘यॉत खा’ ही कोरियन भाषेत एक चांगलीच कडक शिवी आहे. ती याच प्रसंगातून आली असं पुष्कळ कोरियन लोक सांगतात. शिवीचं मूळ बहुधा त्याहून जुनं असावं, पण गोष्ट इतकी चविष्ट आहे की मलाही ती तशीच सांगावीशी वाटते. 1965 साली कोर्टाने आयांच्या बाजूने निकाल दिला, 38 मुलांना त्यांच्या शाळा मिळाल्या. बड्या अधिकाऱ्यांच्या खुर्च्या गेल्या, आणि त्या दशकाच्या शेवटी ती पोरवयातली प्रवेश परीक्षाच हळूहळू मोडीत निघाली.

म्हणजे आजची ही सगळी काटेकोर व्यवस्था कोंडलेल्या प्राध्यापकांनी किंवा दोरी धरणाऱ्या पोलिसांनी एकट्याने उभी केलेली नाही. तिच्या मागे हातात पातेलं घेऊन कचेरीची पायरी चढणाऱ्या बायका आहेत. मला त्या फार जवळच्या वाटल्या. माझं पातेलं फक्त दारातूनच परतलं होतं.

एक वाजत आला तसा मंडपातला घोळका थोडा सैल झाला. आमच्या जावयांचं विमान त्या दिवशी जेजू बेटावरून यायचं होतं. त्याची वेळ कंपनीने आधीच बदलली होती, कारण 1 वाजून 5 मिनिटांपासून 1 वाजून 40 मिनिटांपर्यंत सबंध देशात एकही विमान उतरत नाही की उडत नाही. जी हवेत असतात त्यांनी 3 किलोमीटरच्या वर घिरट्या घालत राहायचं. लष्कराच्या तोफांचा सराव बंद, केंद्राजवळची बांधकामं बंद. या वेळात मुलं इंग्रजीच्या पेपरातली ऐकण्याची परीक्षा देत असतात. कर्ण्यातून संवाद वाजतो, बहुतेक एकदाच, आणि त्यावरून खुणा करायच्या.

मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाची राष्ट्रीय शांतता कशी असते ते ऐकायला. खरं सांगायचं तर मला वेगळं काहीच ऐकू आलं नाही. मोटारी चालू होत्या, सिग्नलला माणसं होती, कबुतरं फडफडत होती. नसलेल्या विमानाचा आवाज कसा ऐकायचा? लेक हसली. पण परत येताना एका शाळेच्या भिंतीजवळ खाण्याचे डबे पोचवणारा एक तरुण दिसला. त्याने स्कूटर बंद केली होती आणि तो ती हाताने ढकलत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होता. पोलीस नव्हता, दोरीही नव्हती. कोपऱ्यावर वळला, मग त्याने गाडी चालू केली.

आमच्या केंद्रासमोर एका मार्चमध्ये लग्नाची वरात आली होती. बँडवाल्यांना थांबवायला मी शिपायाला पाठवलं, तर तो नवरदेवाच्या घोड्यासमोर पाच मिनिटं नाचून आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ऐकत नाहीत.’’

घरी येऊन चहा केला. ईमोही वर आली. मी तिला म्हटलं, किती भाग्यवान पोरं तुमची, सगळा देश त्यांच्यासाठी श्वास रोखून बसतो. लेकीने भाषांतर केलं. ईमो पेल्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जे बोलली ते लेकीने मला जरा अडखळत सांगितलं, ‘‘ती म्हणतेय, विमानंसुद्धा थांबवली. आता तो बाहेर येऊन कशाला दोष देईल?’’

मी केंद्रावर असताना नापास होणाऱ्याला कारणांचा तोटा नसायचा. लाइट गेली, वरात आली, पर्यवेक्षक तापट होती, पेपर उशिरा वाटला. त्यांतली निम्मी खरीही असायची. ती कारणं पोराला बापासमोर उभं राहायला पुरायची. इथे राज्याने, पोलिसांनी, वैमानिकांनी, शेअर दलालांनी मिळून ती सगळी कारणं एकेक करून काढून घेतली होती. उरला तो चष्मेवाला मुलगा आणि त्याचा कागद. त्याच्या मागे हजार वर्षं होती म्हणा ना. 958 साली या देशात राजाच्या चाकरीसाठी परीक्षा सुरू झाली, ती 1894 पर्यंत चालली. दक्षिणेकडून राजधानीला परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी छुपुंग्न्यॉंग नावाचा घाट टाळायचे, कारण त्या नावात पानझडीचा वारा आहे. लांबून वळसा घालून मुंग्यॉंगच्या घाटाने जायचे, कारण त्या नावात शुभवार्ता ऐकू येते. शेवाळाच्या सुपाला घाबरणारी पोरं त्यांचीच पणतवंडं.

आणि पुढे सोल नॅशनल, कोरिया, यॉन्से ही तीन विद्यापीठं, ज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ‘स्काय’ होतं. तिथे चिकटलं की नोकरी चिकटते, लग्नही. म्हणून शाळा सुटल्यावर खासगी शिकवण्या, ‘हागवॉन’. त्या इतक्या उशिरापर्यंत चालत की सोलमध्ये रात्री 10 नंतर शिकवायला कायद्याने बंदी घालावी लागली. 2023 साली शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर कोरियन पालकांनी 27 लाख कोटी वॉन खर्च केले. लातूर, कोटा ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार? पस्तीस मिनिटं आकाश मोकळं ठेवणाऱ्या समाजाने त्याआधीची बारा वर्षं या मुलांच्या डोक्यावर काय काय घिरट्या घालू दिल्या होत्या, हा प्रश्न मला तिथे बसून पडला. ईमोला मी तो विचारला नाही. तिला गुडघ्यांना लावायला लेकीने मलम दिलं.

संध्याकाळी फाटकाशी पुन्हा गर्दी. या वेळी बापही बरेच. ईमोच्या मुलाने दुसऱ्या परकीय भाषेचा पेपर घेतला नव्हता, म्हणून पाचच्या आत बाहेर आला. आईने काही विचारलं नाही. बॅग घेतली, डब्याचं झाकण उघडून पाहिलं, भात अर्धा उरला होता. तोही काही बोलला नाही. मग माझ्याकडे बघून, बहुधा सकाळपासून ठरवून ठेवल्यासारखं, इंग्रजीत म्हणाला की मिठाईबद्दल आभार, दुपारी खाल्ली. चिकटली का, असं मला विचारायचं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तळलेली कोंबडी खायला ते दोघं बाजाराकडे गेले. हॉल तिकीट दाखवलं की दुकानांत, सिनेमाला, केस कापायला सवलत मिळते. 2017 साली परीक्षेच्या आदल्या दिवशी फोहांगला भूकंप झाला आणि परीक्षा आठवडाभर पुढे ढकलली, तेव्हा सगळी पुस्तकं टाकून दिलेल्या मुलांना ती पुन्हा कचऱ्याच्या ढिगांतून शोधावी लागली होती म्हणे. या वर्षी तसं काही झालं नाही. रात्री आमच्या गल्लीत रद्दीच्या ठिकाणी सरावाच्या पुस्तकांचा कमरेएवढा ढीग पडला.

जेवण झाल्यावर जावई, लेक आणि मी पाय मोकळे करायला निघालो. राजवाड्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला लेकीची ही वस्ती आहे. एक शाळा लागली. फाटकाशी दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि वरच्या मजल्यावर एका ओळीत तीन खिडक्या उजळलेल्या. मी जावयांना विचारलं, रात्रशाळा आहे का? ते म्हणाले, दृष्टिहीन मुलांची शाळा. इथेही सुनुंग चालू आहे. ब्रेलमधून वाचायला वेळ लागतो म्हणून या मुलांना 1.7 पट वेळ असतो. सगळे विषय घेतले तर रात्री पावणेदहा होतात.

मी घड्याळ पाहिलं. नऊ वीस.

विमानं केव्हाच सुरू झाली होती. शेअर बाजार बंद होऊन पाच तास होत आले. टीव्हीवर उत्तरांची चर्चा, कोणता प्रश्न अवघड, कोणता सोपा. खाली रस्त्यावर परीक्षा संपलेल्या मुलांचा एक घोळका गाणी म्हणत चालला होता. म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून, रस्ता ओलांडून, त्यांना काहीतरी सांगितलं. मुलं एकदम गप्प झाली आणि पुढे जाऊन हळूहळू पुन्हा बोलू लागली.

माझ्या केंद्रावर एक वर्ष असाच एक मुलगा होता. लेखनिक नववीतली मुलगी. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे बाकी सगळे गेल्यावर ती दोघं आणि मी. भाषेचा पेपर होता. तो सांगायचा, ती लिहायची, तो पुन्हा वाचून दाखवायला लावायचा आणि एक शब्द बदलायचा. शिपाई व्हरांड्यात किल्ल्यांचा जुडगा हलवत फेऱ्या घालत होता. माझी चारची एसटी होती. मी शिपायाला गप्प केलं नाही. त्या मुलाने मान माझ्या दिशेने वळवून विचारलं, ‘‘मॅडम, वेळ संपली का?’’ वेळ अजून अकरा मिनिटं होती. मी ‘‘नाही, लिही’’ म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं तो त्याला कळला असणार. दोन मिनिटांनी त्याने पेपर दिला.

‘‘आई, चल, गारठा पडतोय,’’ लेक म्हणाली.

मी म्हटलं, तुम्ही दोघं व्हा पुढे. फाटकाजवळच्या बाईने बाकावर सरकून मला जागा करून दिली.